ड्रायरचे दार लागत नसेल तर: कारण शोधण्यापासून खिट्टी बदलण्यापर्यंत

कपडे वाळवण्याच्या ड्रायरचे दार लागेनासे झाले की बहुतेक घरांत ते आधी जोरात आपटून पाहिले जाते. दोन-चार वेळा तेवढ्याने काम भागतेही, आणि खरे नुकसान त्यातूनच होते. कारण दाराला धरून ठेवणारी खिट्टी बहुधा प्लॅस्टिकची असते आणि बिजागरी पातळ पत्र्यावर बसवलेली असते. आपटून आपटून खिट्टीचा कान तुटतो, पत्रा दबतो, आणि जे काम फिल्टर नीट बसवून झाले असते त्यासाठी नवे दार आणण्याची वेळ येते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दार नेमके कुठे अडते ते डोळ्यांनी पाहावे, आणि सोप्या कारणापासून सुरुवात करून क्रमाक्रमाने अवघड कारणाकडे जावे, असा माझा आग्रह आहे. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

अमेरिका आणि कॅनडातील घरांत स्वतंत्र ड्रायर ही नित्याची वस्तू असल्यामुळे तिकडच्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधूनमधून पडतोच. मुंबई-पुण्यात आणि कोकणपट्टीतही पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून ड्राय बाल्कनीत ब्रॅकेटवर बसवलेले छोटे ड्रायर आता दिसू लागले आहेत. दोन्हीकडच्या यंत्रांचा आकार आणि विजेची जोडणी वेगळी असली तरी दाराची मूळ रचना सारखीच आहे. मात्र धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात होत असेल, तर त्याच्या दाराला विजेवर चालणारे कुलूप असते आणि त्याची दुरुस्ती निराळी असते. पुढील मजकूर फक्त स्वतंत्र ड्रायरसाठी आहे.

दार बंद कसे राहते

दाराच्या मोकळ्या कडेवर, म्हणजे बिजागरीच्या समोरच्या बाजूला, धातूची एक छोटी जिभली असते. सुट्या भागांच्या दुकानात तिला स्ट्राइक म्हणतात. यंत्राच्या पुढच्या पत्र्यात, जिभलीच्या बरोबर समोर, एक खाच असते आणि त्या खाचेत खिट्टी, म्हणजे कॅच, बसवलेली असते. खिट्टीच्या आत स्प्रिंगच्या दाबाने एकमेकांकडे झुकलेले दोन ओठ असतात. दार लोटले की जिभलीचे फुगीर टोक त्या ओठांना दूर सारून आत शिरते, ओठ तिच्या मागे पुन्हा जवळ येतात, आणि ‘टक्’ असा आवाज होतो. दार ओढले की हीच क्रिया उलट होते. बहुतेक ड्रायरची ही पकड मुद्दाम बेताची ठेवलेली असते, कारण एखादे मूल खेळता खेळता ड्रममध्ये शिरले तर त्याला आतून ढकलून दार उघडता आले पाहिजे. त्यामुळे दार लागत नाही म्हणून बाहेरून कडी, हूक किंवा ताणलेला पट्टा लावण्याचा उपाय कधीही करू नये.

खिट्टीजवळच किंवा बिजागरीच्या बाजूला दाराचा स्विच असतो. दार पूर्ण बसून हा स्विच दाबला गेल्याशिवाय मोटरला वीज पोहोचत नाही. दाराच्या किंवा तोंडाच्या कडेने फेल्टचे (दाबून केलेल्या जाड कापडाचे) किंवा रबराचे गोल सील असते. फटीतून गरम हवा बाहेर जाऊ नये एवढ्यासाठीच सील असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक ड्रायरचा पंखा ड्रममधली हवा बाहेर खेचत असतो, त्यामुळे ड्रममधला दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी असतो. दारात फट राहिली तर खोलीतली गार हवा हीटरला वळसा घालून थेट आत खेचली जाते आणि कपडे वाळायला जास्त वेळ लागतो. म्हणूनच दार ‘जवळजवळ’ लागते आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

कामाला लागण्याआधी

फक्त बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून ठेवावा. उत्तर अमेरिकेतील विजेचे ड्रायर सहसा २४० व्होल्ट आणि ३० अँपिअरच्या स्वतंत्र सर्किटवर चालतात. त्यांचा मोठा प्लग यंत्राच्या मागे असून तिथवर हात पोहोचत नसेल, तर निदान त्या सर्किटचा दुहेरी ब्रेकर खाली पाडावा आणि सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखर निर्जीव आहे याची खात्री करून घ्यावी. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरचा प्लग साध्या १२० व्होल्टचा असतो, पण मागे गॅसची नळी असते. दाराच्या कामासाठी यंत्र हलवावे लागत नाही. हलवावेच लागले तर आधी गॅसची तोटी बंद करावी आणि नळीला ताण देऊ नये. भारतात २३० व्होल्टचा, बहुधा १६ अँपिअरच्या सॉकेटमधला प्लग असतो. धुण्याच्या जागेची फरशी ओली असेल तर ती पुसून, पायात कोरडी चप्पल घालूनच तिथे काम करावे. यंत्र नुकतेच चालले असेल तर अर्धा तास निवू द्यावे.

बहुतेक कामे मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, स्पिरिट लेव्हल, कागदी चिकटपट्टी आणि अरुंद तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर एवढ्यावर भागतात. उत्तर अमेरिकन यंत्रांत पाव इंची षट्कोनी डोक्याचे स्क्रू बरेच असतात, तर युरोपीय बनावटीच्या यंत्रांत चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू सापडतात. त्यासाठी योग्य टोक जवळ असावे, नाहीतर स्क्रूचे डोके खाऊन जाते आणि पुढचे काम दुप्पट होते.

आधी अडथळा शोधा

तक्रारींचा मोठा हिस्सा इथेच संपतो, म्हणून ही पायरी उरकून टाकू नये. अनेक ड्रायरमध्ये लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, गोळा करणारा फिल्टर दाराच्या तोंडाशी, खालच्या ओठात बसतो. तो बोटभर वर राहिला तरी दाराची आतली बाजू त्यावर टेकते आणि जिभली खाचेपर्यंत पोहोचतच नाही. फिल्टर काढून त्याच्या खोबणीत टॉर्च मारून पाहावे. तळाशी दाबून बसलेला लिंटचा थर, मोज्याचा तुकडा किंवा खिशातून पडलेले नाणे यामुळे फिल्टर खाली जात नसतो. काही यंत्रांत फिल्टर बसवलेलाच नसेल तर दार लागू नये अशी रचना असते. तिथे दार बिघडल्यासारखे वाटते, पण यंत्र आपले काम चोख करत असते.

यानंतर दाराच्या तोंडाभोवतीच्या सीलवरून बोट फिरवावे. पायजम्याची नाडी, ओढणीचे टोक, बाळाचा मोजा अशा बारीक गोष्टी सील आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलेल्या असतात आणि वरून दिसत नाहीत. रजई किंवा जाड चादर ड्रममध्ये कोंबली असेल तर तिचा फुगवटाच दाराला बाहेर लोटतो, आणि कपडे फिरू लागल्यावर दार मध्येच उघडते. ड्रम रिकामा करून दार लावून पाहिल्याशिवाय खिट्टीला दोष देऊ नये.

शेवटी खिट्टीची खाच तपासावी. तिच्यात लिंट साठतो, आणि कपडे मऊ व सुवासिक करणारे कागद ड्रायरमध्ये नेहमी वापरले जात असतील तर त्यांचा मेणचट थर आसपासच्या भागांवर बसून त्याला लिंट चिकटतो. व्हॅक्यूमने खाच साफ करावी, मग कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ओठ पुसावेत आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. इथे तेल घालण्याचा मोह टाळावा. तेलाने दार चार दिवस छान लागते, पण त्यावर लिंट चिकटून घट्ट गोळा तयार होतो आणि त्या चिकट्याचे डाग कपड्यांवर पडतात.

कुंकवाची खूण

अडथळा नाही आणि तरीही दार लागत नाही, तर जिभली नेमकी कुठे टेकते हे कळले पाहिजे. अंदाजाने हे ठरवता येत नाही, कारण दार बंद होण्याच्या क्षणी ती जागा आपल्या डोळ्यांआड जाते. त्यासाठी घरातले ओले कुंकू उत्तम काम देते. खिट्टीच्या खाचेभोवती चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावावी, खाच मोकळी ठेवावी. जिभलीच्या टोकाला बोटाने अगदी पुसटसे कुंकू लावावे. दार एरवी लावतो तसे, जोर न देता लोटावे, आणि उघडून चिकटपट्टीवर लाल ठिपका कुठे उमटला ते पाहावे.

ठिपका खाचेच्या खाली असेल तर दार खाली उतरले आहे. बिजागरी सैल झाली आहे किंवा यंत्र तिरके उभे आहे. ठिपका खाचेच्या डाव्या किंवा उजव्या कडेला असेल तर जिभली वाकली आहे किंवा बिजागरीची पट्टी जागेवरून सरकली आहे. खालच्या बाजूला बिजागरी असलेल्या, पुढे आडव्या पडणाऱ्या दारात हाच हिशेब फिरतो. तिथे डावीकडचा-उजवीकडचा फरक बिजागरीकडे बोट दाखवतो. ठिपका उमटलाच नाही तर जिभली पत्र्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे अडथळा शिल्लक आहे, सील फुगले आहे किंवा दाराला पीळ पडला आहे. आणि कुंकू चिकटपट्टीवर न लागता खाचेच्या आत, ओठांवर लागलेले दिसले, तर दार सरळ आहे आणि दोष खिट्टीचाच आहे. या एका खुणेने पुढचे बरेच अनावश्यक काम वाचते आणि नको तो सुटा भाग विकत घेतला जात नाही.

तपासणी झाली की चिकटपट्टी काढून जिभली आणि ओठ ओल्या फडक्याने नीट पुसावेत, नाहीतर पुढच्या वेळी पांढऱ्या सदऱ्यावर तीच खूण उमटेल.

यंत्र सरळ उभे आहे का

ड्रायरचा सांगाडा पातळ पत्र्याचा असतो. चार पायांपैकी एक अधांतरी राहिला तर सगळ्या पेटीला किंचित पीळ पडतो, दाराची चौकट चौकोनी राहत नाही, आणि जिभली-खाचेचा मेळ तेवढ्यानेही चुकतो. यंत्राच्या माथ्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबून ते डुलते का ते पाहावे. स्पिरिट लेव्हल आधी आडवी आणि मग पुढून मागे ठेवावी. ज्या पायाखाली पोकळी आहे तो पाय पान्याने फिरवून जमिनीला टेकवावा आणि वरचा नट घट्ट करावा, नाहीतर कंपनाने पाय पुन्हा सैल होतो. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारणे हा उपाय टिकत नाही.

भिंतीवरच्या ड्रायरच्या बाबतीत ब्रॅकेटची एक बाजू खाली झुकली आहे का हे पाहावे. ब्रॅकेटचे स्क्रू धरणारा भिंतीतला प्लॅस्टिकचा प्लग सुटत असेल तर आता प्रश्न दाराचा उरत नाही, यंत्र खाली पडण्याचा होतो. ते दोघांनी मिळून उतरवावे आणि ब्रॅकेट नव्याने बसवल्याशिवाय पुन्हा टांगू नये.

बिजागरी

दार अर्धे उघडावे, मोकळ्या कडेला खालून हात लावून हलकेच वर उचलावे. दार वर-खाली खेळत असेल तर तो खेळ नेमका कुठे आहे ते बिजागरीकडे बघून ओळखावे. स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये हालचाल दिसत असेल तर स्क्रू सैल आहेत. स्क्रू घट्ट असून बिजागरीची खीळच हलत असेल तर ती झिजली आहे आणि बिजागरी बदलावी लागेल. उघड्या दारावर कपड्यांची बादली टेकवण्याची सवय बिजागऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान करते, विशेषतः खाली पडणाऱ्या दाराच्या यंत्रांत, कारण ते दार टेबलासारखे दिसते आणि माणूस नकळत त्यावर ओझे ठेवतो. लहान मुले दाराला लोंबकळतात तेव्हाही हेच होते.

स्क्रू आवळताना दुसऱ्या माणसाने दार योग्य उंचीवर धरून ठेवावे. बऱ्याच बिजागऱ्यांची भोके किंचित लांबट असतात. स्क्रू पूर्ण न काढता अर्धा-एक फेरा सैल करायचा, दार हवे तेवढे वर सरकवायचे, आणि तिथेच धरून आधी वरचा व मग खालचा स्क्रू आवळायचा. लगेच कुंकवाची खूण पुन्हा घ्यावी. स्क्रू नुसताच फिरत राहत असेल तर पत्र्याचे आटे गेले आहेत. अशा वेळी तेवढ्याच लांबीचा, पण किंचित जाड पत्र्याचा स्क्रू वापरावा. लांब स्क्रू घालू नये, कारण पत्र्यामागे ड्रम फिरत असतो आणि काही यंत्रांत तारा तिथूनच गेलेल्या असतात.

मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी बाल्कनीतल्या यंत्राची बिजागरी गंजून जड होते. दार सैल नसते, पण ते शेवटच्या दोन बोटांवर येऊन थांबते. गंज बारीक पॉलिश पेपरने काढून खिळीवर सिलिकॉनचा कोरडा फवारा द्यावा आणि उरलेला ओलावा पुसून घ्यावा. वाकलेली बिजागरी पकडीने सरळ करता येते, परंतु वाकलेल्या जागी पत्रा कमकुवत झालेला असतो, त्यामुळे नवी बिजागरी मागवेपर्यंतची सोय एवढाच त्याचा उपयोग मानावा.

दार स्वतःच पिळलेले असण्याची शक्यताही तपासावी. ड्रायरचे दार बहुधा दोन पत्र्यांचे किंवा पत्रा आणि प्लॅस्टिक यांचे असते आणि कडेने स्क्रूंनी जोडलेले असते. कडेचे सगळे स्क्रू थोडे सैल करून, दार दोन हातांनी पिळाच्या उलट दिशेला हलकेच वळवून धरावे आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. एका बाजूचे सगळे आधी आवळले तर पीळ तसाच राहतो.

नुकतीच दाराची उघडण्याची बाजू बदलून घेतली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. खिट्टी, जिभली आणि रिकाम्या भोकांवरची झाकणे या तिन्हींच्या जागा बदलाव्या लागतात. झाकण खिट्टीच्या नव्या जागी तसेच राहिले, तर जिभली प्लॅस्टिकवर आपटत राहते.

खिट्टी आणि जिभली बदलणे

खूण खाचेत बरोबर पडते, तरी दार धरत नाही, किंवा धरून यंत्र चालताना सुटते. अशा वेळी दार उघडे ठेवून जिभलीएवढ्याच जाडीचे चपट्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक खिट्टीत दाबून पाहावे. ओठ उघडून पुन्हा जवळ यायला हवेत आणि टोक बाहेर काढताना थोडा विरोध जाणवायला हवा. ओठ उघडेच राहिले, एका बाजूचा ओठ तुटला असला, किंवा संपूर्ण खिट्टीच खाचेत डुगडुगत असली, तर ती बदलावी. जिभलीचे टोक झिजून चपटे झाले आहे का हेही पाहावे. खिट्टी आणि जिभली एकमेकींवर घासून सोबतच झिजतात, म्हणून एक नवी आणि एक जुनी ठेवणे मला योग्य वाटत नाही. दोन्हींची जोडी मिळते, तीच घ्यावी.

भाग मागवताना यंत्राचा मॉडेल क्रमांक सांगावा. तो दार उघडल्यावर तोंडाच्या चौकटीवर किंवा दाराच्या आतल्या कडेवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. नुसता फोटो दाखवून भाग घेणे धोक्याचे आहे, कारण दिसायला सारख्या दोन जिभल्यांच्या लांबीत थोडासा फरक असला तरी दार एक तर लागत नाही किंवा उघडत नाही. उत्तर अमेरिकेत व्हर्लपूल कंपनीच्या आणि तिने बनवलेल्या केनमोर, मेटॅग आदी नावांच्या अनेक ड्रायरना २७९५७० क्रमांकाची जोडी चालते. तरीही मॉडेलशी ताडून पाहिल्याखेरीज ती घेऊ नये. अशा संचात कधी एकाहून अधिक आकारांच्या जिभल्या असतात. जुनी जिभली शेजारी ठेवून लांबी आणि टोक जुळवून योग्य ती निवडावी.

खिट्टी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, आणि तिला तारा जोडलेल्या असतील, म्हणजे स्विच तिच्यातच असेल, तर कोणती तार कुठे आहे हेही फोटोत स्पष्ट येऊ द्यावे. बहुतेक खिट्ट्या पत्र्याच्या खाचेत दोन बाजूंच्या प्लॅस्टिकच्या कानांनी अडकलेल्या असतात. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे रंगावर ओरखडा उठत नाही. त्या टोकाने एका बाजूचा कान आत दाबून धरावा आणि त्याच बाजूने खिट्टी पुढे ओढावी. दुसरा कान मग सहज सुटतो. नवी खिट्टी सरळ रेषेत, अंगठ्याने दाबत बसवावी. दोन्ही कान अडकल्याचे दोन वेगळे आवाज ऐकू आले पाहिजेत. एकच आला तर एक बाजू वर राहिली आहे.

जिभली एकदोन स्क्रूंनी बसवलेली असेल तर काम पाच मिनिटांचे आहे. काही दारांत ती नुसती खोबणीत दाबून बसवलेली असते आणि पकडीने सरळ बाहेर ओढावी लागते. वेडीवाकडी ओढली तर दाराची खोबण फाटते. आणखी काही यंत्रांत जिभली आतल्या बाजूने बसवलेली असते. तिथे दार उतरवून टेबलावर जाड चादरीवर पालथे ठेवावे, कडेचे स्क्रू काढून दोन भाग वेगळे करावेत आणि मगच ती बदलावी. दाराला काच असेल तर ती कशी बसली होती हे आधी नीट पाहून घ्यावे.

खिट्टीचे कान पत्र्याच्या मागून अडकलेले असतील तर यंत्राचा पुढचा पत्रा काढावा लागतो. हे काम घरी होते, पण काही यंत्रांत पुढचा पत्राच ड्रमला पुढून आधार देतो आणि पत्रा निघताच ड्रम खाली बसतो. असा अनुभव नसेल तर इथे तंत्रज्ञ बोलवावा. पत्रा निघालाच, तर आत साठलेला लिंट व्हॅक्यूमने साफ करण्याची संधी सोडू नये. अमेरिकेच्या संघीय अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातील नोंदींवरून केलेल्या अंदाजानुसार तिथल्या घरांत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण, ३४ टक्के, यंत्र साफ न ठेवणे हे होते.

सगळ्याच ड्रायरना अशी खिट्टी नसते. काहींत चुंबक असतो. तिथे चुंबकावरची आणि समोरच्या लोखंडी पट्टीवरची घाण पुसावी आणि चुंबकाला तडा गेला आहे का ते पाहावे. दार दाबून उघडणाऱ्या यंत्रांत दारावर स्प्रिंगचा हूक असतो. तो बोटाने दाबला की मागे जाऊन लगेच परत यायला हवा. अडकत असेल तर त्याच्या बुडाशी लिंट साठलेला असतो.

सील

वहीच्या कागदाची दोन बोटे रुंदीची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती थोड्या विरोधाने सरकली पाहिजे. दाराभोवती सात-आठ जागी असे करून पाहिले की सील कुठे सैल आणि कुठे जास्त जाड आहे ते कळते. दुमडलेले रबर केस वाळवण्याच्या ड्रायरने कोमट करून बोटांनी सरळ करता येते. सुटलेले फेल्ट चिकटवताना उष्णता सोसणारा गोंदच वापरावा, कारण लाकूडकामाचा पांढरा गोंद किंवा गरम करून लावायचा गोंद ड्रायरच्या उबेने पुन्हा सुटतो. गोंदाचा थर पातळ ठेवावा आणि डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत यंत्र चालवू नये. नवे सील सुरुवातीला ताठ असते आणि काही दिवस दार थोडे जोराने लोटावे लागते; तेवढ्यासाठी बिजागरी सैल करण्याची गरज नाही.

दार लागते, पण यंत्र सुरू होत नाही

हा प्रश्न वेगळा आहे, पण घरोघरी त्याची तक्रार ‘दार लागत नाही’ अशीच केली जाते. प्लग काढलेला असताना स्विचचा छोटा खटका बोटाने दाबावा. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला आणि सोडल्यावर खटका उसळून वर आला, तर तो यांत्रिकदृष्ट्या ठीक आहे. मग दाराचा जो भाग तो दाबतो तो तुटला आहे का किंवा दार पुरेसे आत जाते का ते पाहावे. आवाज आला नाही तर तारांचा फोटो घेऊन त्या काढाव्यात आणि मल्टीमीटरने स्विचच्या, मोटरला वीज देणाऱ्या दोन टोकांमध्ये जोड तपासावा. खटका दाबल्यावर जोड मिळायला हवा आणि सोडल्यावर तुटायला हवा. ज्या यंत्रांत ड्रममध्ये दिवा असतो त्यांच्या स्विचला तिसरे टोक असते. ते या तपासणीत सोडून द्यावे. स्विच ठीक निघाला तर बिघाड थर्मल फ्यूज (यंत्र फार तापल्यास वीज तोडणारा भाग) किंवा सुरू करण्याच्या बटणात असू शकतो, दाराशी त्याचा संबंध नाही.

स्विचच्या दोन तारा एकत्र जोडून किंवा खटका चिकटपट्टीने दाबून ठेवून यंत्र चालवणे मात्र एका वेळेपुरतेही करू नये. ड्रम मिनिटाला सुमारे ५० फेरे घेतो आणि भिजलेल्या कपड्यांसह त्याचे वजन मोठे असते. उघड्या दारातून मुलाचा हात आत गेला तरी तो थांबत नाही.

दुसऱ्याकडे सोपवावे असे काम

यंत्र वॉरंटीत असेल तर खोललेल्या पत्र्यावरून वाद होऊ शकतो, म्हणून अडथळा काढणे, साफसफाई आणि पाय सरळ करणे यापलीकडे जाऊ नये. परदेशात भाड्याच्या घरातला ड्रायर घरमालकाचा असतो. तिथे बिजागरी किंवा खिट्टीला हात लावण्याआधी दुरुस्तीची लेखी विनंती करावी आणि कुंकवाच्या खुणेचा फोटो सोबत जोडावा. नेमका दोष लिहून दिला की येणारा माणूस योग्य भाग घेऊनच येतो. बिजागरीखालचा पत्रा फाटला असेल, किंवा गॅसची नळी हलवावी लागणार असेल, तर तंत्रज्ञच बोलवावा.

शेवटची चाचणी

काम झाल्यावर सगळे स्क्रू जागेवर आहेत आणि फिल्टर पूर्ण खाली बसला आहे हे पाहून प्लग लावावा. रिकामे यंत्र दहा मिनिटांच्या वेळेवर सुरू करावे. चालू असताना दार उघडताच ड्रम थांबला पाहिजे, आणि दार पुन्हा लावल्यावर सुरू करण्याचे बटण दाबल्याशिवाय तो फिरता कामा नये. यात काहीही चुकले तर यंत्र वापरू नये, स्विच पुन्हा तपासावा. हे जमले की दोन ओले टॉवेल घालून पूर्ण फेरी चालवावी, कारण रिकाम्या ड्रममध्ये टिकणारी पकड ओल्या कपड्यांच्या आदळण्याने सुटू शकते. फेरी संपेपर्यंत दार जागचे हलले नाही, आणि नंतर कागदाची पट्टी सगळीकडे सारख्याच विरोधाने सरकली, म्हणजे काम पुरे झाले.